पुढचा पांढरा घोडा

थांबा पहिला : सडा

“मंडळी, आपण उभे आहोत तो सडा, कातळाचं पठार. पावसाळ्यात इथं तळी साचतात, आता नुसता तवा. खाली ती हिरवी भेग दिसते ना, ती आमची घळ. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाकाठानं आपण उतरायचं. घळ संपते तिथं माझा गाव, आंबेघळ. तिथं आज शिगम्याची घोडेमोडणी. लाकडी घोडे कमरेला बांधून पुरुष नाचतात. स्टेज नाही, बक्षीस नाही, पाहुणे म्हणाल तर तुम्हीच. पाणी जपून प्या. खाली काजूची पहिल्या धारेची हुर्राक मिळते, पण ती देवाचं काम आटोपल्यावर.”

इथं लोक हसतात. आज कोणी हसलं नाही. सगळे वैशालीच्या मोबाइलवर वाकले होते.

वैशाली बेळगावची. केरीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या मंडळींना जमवून ट्रेकला आणलं होतं तिनंच, आणि तेही मोबाइलातल्या एका चित्रफितीपायी. तिनं मोबाइल गाइडच्या, सिद्धेशच्या नाकासमोर धरला. “हाच ना तो? गेल्या वर्षीचा?”

चित्रफितीत रुद्रेश गरगर फिरत होता. पांढऱ्या घोड्याचा झगा छत्रीसारखा उघडत होता, मिटत होता.

“हाच.”

“तुमचा कोण?”

“चुलतभाऊ. धाकटा.”

“काय फिरतोय ओ गडी,” जयवंतराव म्हणाले. ते गडहिंग्लजचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. “आंबोलीच्या वळणावर मी गाडी अशी फिरवली असती, तर पेन्शन बायकोनंच खाल्ली असती.”

आता हसले सगळे.

ती चित्रफीत सिद्धेशइतकी कोणी पाहिली नसेल. रुद्रेश कुठल्या ठेक्याला हसतो, फेटा कधी सैल होतो, त्याला पाठ होतं. शेवटाकडे डाव्या कोपऱ्यातून एक हात येतो आणि गर्दीला मागं सारतो. तो हात सिद्धेशचा. साऱ्या चित्रफितीत सिद्धेश आहे तो एवढाच, मनगटापर्यंत.

आणि ट्रेकच्या जाहिरातीवर फोटो कोणाचा? रुद्रेशचाच. दुसरा चांगला फोटो नव्हता. सिद्धेश स्वतः घोडा नाचवायचा तेव्हाचे फोटो होते, पण ते जुन्या मोबाइलवरचे. त्यांत घोडा दिसायचा, माणूस दिसायचा नाही.

थांबा दुसरा : काजू

“हे बोंडू, काजूचं फळ. पिवळं गोड, तांबडं जरा तुरट. चावा, पण रस अंगावर सांडू नका. डाग जाता जात नाही.”

जयवंतरावांनी पहिल्याच चाव्याला शर्टावर सांडला.

डाग जात नाही हे सिद्धेशला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आंबेघळीत पाच घोडे निघतात. पुढचा पांढरा. तो थोरल्या घराचा, म्हणजे सिद्धेशच्या. आजोबांनी नाचवला, बापानं नाचवला, बाप गेल्यावर सिद्धेशनं. मिसरूड फुटली त्या वर्षापासून तो पुढचा घोडेकार होता. शिगमो आला की त्याचे तळवे आपोआप गरम व्हायचे.

गावाचा एक नेम आहे. ज्या घरात बाई पोटुशी, त्या घरच्या पुरुषानं घोडा बांधायचा नाही. घरात एक भार असताना दुसरा भार घ्यायचा नाही, इतकंच त्याचं कारण सांगतात, आणि ते सगळ्यांना पुरतं. दोन वर्षांमागं सुविधाला दिवस गेले तेव्हा सिद्धेश स्वतः बाबाजींच्या घरी गेला. बाबाजी गावचे गावकार, उत्सवाच्या मांडाचा कारभार त्यांच्याकडे. त्यानं घोडा उतरवला. वर्षापुरता तो धाकट्या घराला गेला, रुद्रेशला.

त्या वर्षी ढोल सुरू झाला तेव्हा तो देवळाच्या भिंतीला टेकून उभा होता. शेजारी सुविधा, पोट नुकतं दिसायला लागलेलं. तो म्हणाला, “तुझ्यापायी यंदा मी भिंतीचो खांब.” हसत म्हणाला होता. निदान त्याला तरी तसं वाटलं होतं. ती हसली नाही. पुढं महिन्याभरात ते मूल राहिलं नाही.

मूल गेलं आणि घोडाही परत आला नाही. पुढच्या शिगम्याला त्यानं विषय काढला, तर बाबाजी सुपारी कातरत म्हणाले, “देवाची तक्रार नाय, लोकांची नाय. चलता तसा चलू दे.” लोकांची तक्रार कशी असेल? रुद्रेश नाचतोच तसा.

सगळं त्याचं तसंच. त्याची मोटरसायकल पहिल्या किकला सुरू होते. त्याच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी. पेडण्याच्या कचेरीत कारकुनी करतो, तरी पाठ वाकलेली नाही. दारात कुत्रं बसतं तेही याच्याच दारात, भाकरी सिद्धेशच्या घरची खाऊन. आणि सर्वांत वाईट म्हणजे माणूस चांगला. आडून बोलत नाही, तोऱ्यात वागत नाही. एखादं वाईट काम त्यानं केलं असतं तर सिद्धेशला जरा दम खाता आला असता.

थांबा तिसरा : कोंड

“हा कोंड, व्हाळातला डोह. तळ कोणी पाहिलेला नाही, तुम्हीही पाहू नका. इथं बसून खाऊ या. पोयी, म्हणजे आमचा पाव आहे, वाटाण्याची भाजी आहे. खाता खाता एक सांगतो, ध्यानात ठेवा. मोडणी संपली की पुढचा घोडेकार आपल्या दारात जातो. त्याची बायको त्याच्या पायांवर पाणी घालते. मग घोड्याच्या दोरीची गाठ ज्यानं मारली त्यानंच ती सोडायची. पाणी पडेपर्यंत घोडा जमिनीला टेकायचा नाही, ढोल थांबायचा नाही. ते चुकवू नका. फोटो चांगला येतो.”

“म्हणजे नवरोबांना बायकोची वाट बघत उभं राहायचं,” वैशाली म्हणाली. “ही प्रथा आमच्याकडे पाहिजे.”

सिद्धेशनं पोयी मोडून दिली. सुविधा त्याच्या पायांवर पाणी घालायची तेव्हा ते कोमट असायचं. प्रथेत तसं काही नाही, विहिरीचं थंड पाणीच चालतं. पण दिवसभर अनवाणी नाचलेल्या पायांना थंड पाणी झोंबतं म्हणून ती तांब्यात चुलीवरचं थोडं मिसळायची. हे दोघांनाच माहीत. पाहुण्यांना सांगायच्या गोष्टींत ते नव्हतं.

ही पोयी सकाळी तिनंच बांधून दिली होती. त्याच्याकडे पाठ करून ती खिडकीपाशी उभी होती, आणि तशीच म्हणाली, “तनयाक दिवस गेलेत.”

तनया म्हणजे रुद्रेशची बायको.

“कोणी सांगल्यान?”

“तिनाच. माका एकटीक. म्हणाली, वयनी, तुका दुसऱ्याकडसून कळला तर तुका लागात, म्हणान आधी तुका सांगतंय.” सुविधा कागदाची पुडी दोऱ्यानं बांधत होती, ती तिनं दोनदा बांधली. “माका रडाक इला. तिच्यासमोर नाय रडलंय. आता तुका सांगतंय.”

तिला जवळ घ्यायला हवं होतं. सिद्धेश म्हणाला, “मगे घोडो?”

ती वळली. “काय?”

“नाय, असोच.”

“तुका घोडो सुचलो?”

“नाय गो.”

“तिसरो म्हयनो लागाक नाय तिका. तोपर्यंत तोंडातसून भायर काढू नको. माझी शपथ.”

तो हो म्हणाला होता. आणि तेव्हापासून, सर्वण गाव मागं टाकून गाडी सड्यावर चढताना, बोंडू तोडताना, जयवंतरावांच्या विनोदांना हसताना ते वाक्य त्याच्या तोंडात होतं. सुपारीच्या खांडासारखं. गिळताही येईना, थुंकताही येईना. आणि खरं सांगायचं तर चवीला वाईट नव्हतं.

थांबा चौथा : मांड

“हा मांड, देवाच्या नाचाची जागा. इथं चपला काढायच्या. हे घोडे. मान लाकडाची, अंग बांबूचं, त्यावर झगा. हा पुढचा…”

पुढं त्याला बोलावंच लागलं नाही. रुद्रेश समोर उभा होता. कमरेपर्यंत पांढरा झगा, डोक्याला केशरी फेटा, पायांत घुंगरू. वैशाली पाहतच राहिली.

“दादा, इलंस?” रुद्रेश म्हणाला. “तुझीच वाट बघतंय. गाठ मार. दुसऱ्या कोणाक हात लावूक दिलंय नाय.”

गाठ भावानंच मारायची असते. दोन वर्षं सिद्धेशच मारत आला होता. काथ्याची दोरी खांद्यावरून आडवी घ्यायची, पाठीवर फुली करायची, कमरेला दोन वेढे, मग गाठ. बापानं ती त्याच्या पाठीवर बांधून त्याला शिकवलेली. त्यानं वेढे घेतले. रुद्रेशच्या पाठीला घामाचा आणि उटण्याचा वास येत होता. पोरवयात दोघं एकाच चटईवर झोपायचे तेव्हाचाच तो वास. सिद्धेशनं गाठ आवळली. गाठ चांगली बसली. त्याला सैल बांधता येतच नसे.

ते वाक्य त्यानं गिळलंच होतं जवळजवळ.

“सिद्धेश,” मागून वैशाली म्हणाली, “जरा बाजूला होता का? तुमचा हात येतोय मध्ये.”

तो बाजूला झाला. आणि झाला तो थेट बाबाजींसमोर. बाबाजी पूजेच्या तळीत नारळ मांडत होते.

“बाबाजीकाका, घरात भार असताना दुसरो भार घेवचो नाय, असा तुम्हीच म्हणता मा?”

“मी कसलो म्हणतंय? आज्यापणज्यापासून म्हणतत. आज खयसून आठवला?”

“असाच. रुद्रेशाक विचारा.”

आवाज फार मोठा नव्हता. पण मांडावर त्या वेळी कोणी ढोलाचं कातडं ताणत होता, कोणी ताशा शेकत होता, वाजत काहीच नव्हतं. सगळ्यांना ऐकू गेलं. बायकांच्या घोळक्यात तनयानं मान फिरवली. तिनं सिद्धेशकडे पाहिलं नाही, रुद्रेशकडेही नाही. तिनं सुविधाकडे पाहिलं. सिद्धेशला ते दिसलं, पण त्याचं अर्धं लक्ष घोड्यावर होतं.

“रुद्रेश?” बाबाजी म्हणाले.

“होय, काका.”

“मगे बांधलंस कित्याक?”

“उतरयलंय असतंय तर सगळ्यांक कळला असता. तिसरो म्हयनो लागसर सांगूचा नाय, तोय नेमच मा?” रुद्रेश खाली बघत बोलत होता. हात घोड्याच्या मानेवर होते. “दोनांतलो एक मोडतलोच होतो. काल देवळात गेलंय. म्हटलंय, आई, कमी पापाचो खयचो ता तूच बघ, आणि पदरात घे.”

बाबाजींनी हातातला नारळ तळीत ठेवला. मग म्हणाले, “देवीक सांगलंस ता बरा केलंस. आणि आमका नाय सांगलंस, ताय बरा केलंस.” त्यांनी सिद्धेशकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर परवडलं असतं. “पण आता मांडार बोलणा झाला. कानार पडला ता परत जायत नाय. सोड, सिद्धेश. तुझी गाठ, तूच सोड. आणि घोडो तुझ्याच घरचो. बांध.”

त्यानं गाठ सोडली. आता रुद्रेशनं पायांतले घुंगरू उतरवून दिले, दोरी हातात घेतली, तो सिद्धेशच्या मागं गेला, पाठीवर फुली केली.

“घट्ट झाला, दादा?”

“नाय.”

“श्वास घे बघू. आता?”

“बरा आसा.”

गाठ बेताची होती, ना घट्ट ना सैल. याला गाठही नीट मारता येते, सिद्धेशच्या मनात आलं.

थांबा पाचवा : (इथं गाइड नाही)

“सिद्धेश कुठे गेले?”

“ते काय, पुढं. घोड्यात.”

“आणि मोबाइलातला?”

“तो भिंतीशी उभा. फेटा काढला त्यानं.”

“पण झालं काय नेमकं? कोणी सांगेल का?”

“मला कळलं,” जयवंतरावांचा आवाज. “म्हातारा म्हणाला सोड, ह्यानं सोडलं. म्हातारा म्हणाला बांध, त्यानं बांधलं. मधलं काय ते कळलं नाही.”

“हे का चाललंय एवढं मागं-पुढं?”

“देवाला नमस्कार असेल.”

“असेल.”

“गाइडच घोडा झाला, आता आपल्याला वर सड्यावर कोण नेणार?”

“नाचतोय कसा?”

“बरा नाचतोय.”

“हो. बरा.”

फेरा घेऊन पाहुण्यांच्या पुढ्यातून जाताना प्रत्येक वेळी त्यातलं थोडं थोडं सिद्धेशच्या कानावर येत होतं. शेवटचा शब्द पुरा आला. बरा. त्यानं आणखी जोरात गिरकी घेतली. झगा उघडला, गुलाल उडाला, घुंगरू खणखणले. पायांना सगळं आठवत होतं. कुठं चुकत नव्हतं. दोन वर्षं रोज मनात नाचत होता तो, तसाच नाचत होता. ताल होता, ठेका होता, पुढचा पांढरा घोडा होता. लोक आपल्याकडे बघताहेत का, हे मात्र त्याला दर गिरकीला तपासावं लागत होतं, आणि त्यामुळं प्रत्येक गिरकी केसभर उशिरा संपत होती.

बायकांच्या घोळक्यात तनया नव्हती. पुढच्या फेऱ्याला सुविधाही नव्हती.

पाणी तापवायला गेली असेल, असं त्याला वाटलं. त्या विचारानं पुढचे दोन फेरे छान झाले.

थांबा सहावा : दार

ऊन कलंडलं तेव्हा घोडा दारात आला. मागं ढोल, ताशे, सगळी वाडी, आणि मोबाइल वर धरलेले पाहुणे. कोंडावर सांगितलेलं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. सगळ्यांनी पुढच्या जागा धरल्या.

सुविधा दारात उभी होती. हातात तांब्या नव्हता.

सिद्धेश वाट बघत राहिला. घोडा टेकवायचा नाही म्हणून एका जागी ठेका धरून नाचत राहिला. दोरी खांद्यात रुतली होती.

“सुविधा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “पाणी.”

“ती माका म्हणाली, वयनी, तुका एकटीक सांगतंय.” सुविधाचा आवाज चढला नव्हता. ढोलाच्या आवाजात तो फक्त त्यालाच ऐकू येत होता. “तिका आता मी काय सांगू, ता सांग माका. मगे पाणी घालतंय.”

तिनं जरा वेळ दिला, खरोखरच उत्तराची वाट बघितल्यासारखा. मग ती आत गेली. दार लावलं नाही.

घरात दुसरी बाई नव्हती. ढोल थांबवता येईना. ढोलवाल्याच्या हाताला पेटके आले होते, तो तोंड वाकडं करून बाबाजींकडे बघायला लागला. बाबाजी आभाळाकडे बघत होते. बायका कुजबुजल्या. मागून जयवंतराव म्हणाले, “कुठं अडलंय काय?” सिद्धेश नाचत होता. ठेका चुकत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की हा घोडा आता कोणीही न्यावा.

गर्दी मागच्या बाजूनं फाटली. घराला वळसा घालून, चुलीच्या खोलीकडून, रुद्रेश आला. अंगात बनियन, पाय अजून अनवाणी. हातात सिद्धेशच्याच घरचा पितळी तांब्या.

“दादा, पाय फुडे कर.”

“तू कित्याक?”

“नेमात बायल म्हटला हा. बायलेच्या हातचा पाणी आसा, हात तेवढो माझो. चलात काय, काका?”

“चलता,” बाबाजी म्हणाले. त्यांना घाई झाली होती.

रुद्रेश खाली बसला. उजव्या पायावर धार धरली, मग डाव्या. बोटांच्या बेचक्यांतला गुलाल तळव्यानं पुसला, एक थेंब बाहेर न सांडता.

पाणी कोमट होतं.

रुद्रेशला ते कसं ठाऊक असणार? तांब्या भरून तिनं दिला असणार. चुलीवरचं थोडं मिसळलं असणार, बोट बुडवून बघितलं असणार, नेहमीसारखं. आणि दिलं कोणाच्या हातात? याच्या. मागच्या दारानं हा गेला, काहीतरी बोलला असेल, नाहीतर काही न बोलता नुसता उभा राहिला असेल, आणि तिनं दिलं. सिद्धेशनं मागितलं तेव्हा दिलं नाही.

“माझी गाठ,” रुद्रेश उठत म्हणाला, आणि मागं जाऊन त्यानं ती सोडली. एका झटक्यात सुटली. घोडा टेकला, ढोल थांबला. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास लोकांनी सोडला. कोणीतरी म्हातारी म्हणाली, “रुद्रेश तो रुद्रेश गो.” दोघी-तिघींनी माना हलवल्या.

पाहुण्यांचे सगळे मोबाइल रुद्रेशकडे वळले होते. वैशाली गुडघ्यावर बसून त्याचे ओले हात टिपत होती. तिच्या चौकटीत घोड्याचा झगा होता, रिकामा तांब्या होता, आणि घोट्यापर्यंत सिद्धेश.

“किती सुंदर,” ती म्हणाली. “सिद्धेश, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. ही पण प्रथा आहे का? भावानं भावाचे पाय धुवायचे?”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. पाहुणे उत्तरासाठी, गावचे लोक दुसऱ्याच कशासाठी. रुद्रेशही बघत होता, खांद्यावर दोरी घेऊन.

सिद्धेशनं उघड्या दाराकडे पाहिलं. आत चूल पेटलेली होती. बाकी काही दिसत नव्हतं.

“होय,” तो गाइडच्या आवाजात म्हणाला. “आमच्याकडे जुनी आहे.” आणि स्वतःचे पाय सुकायच्या आत तो त्यांना चपला घालायला सांगू लागला, कारण अंधार पडायच्या आत सड्यावर पोचायचं होतं.

“मी येतंय सोबत,” रुद्रेश म्हणाला. “तू दमलंस. घळीत काळोख बेगीन पडता. बॅटरी माझ्याकडे आसा.”

अर्थात. बॅटरीही त्याच्याकडेच होती.